मूल वाचताना अडते तेव्हा : अध्ययन अक्षमता, कायदा आणि भोपाळमधली आपली घरे

गणेशोत्सवातली पाठांतर स्पर्धा आपल्या सगळ्यांच्या आवडीची. दोन वर्षांपूर्वी अरेरा कॉलोनीतला एक तिसरीतला मुलगा रामरक्षा कुठेही न अडखळता म्हणून पहिला आला. टाळ्या झाल्या, आजीने दृष्ट काढली, आणि आपण बक्षीस म्हणून त्याला गोष्टींचे पुस्तक दिले. काही महिन्यांनी त्याच्या आईने आमच्यापैकी एकीजवळ मन मोकळे केले. ते पुस्तक त्याने उघडलेच नव्हते, कारण त्याला ते वाचता येत नव्हते. रामरक्षा त्याने आजीच्या तोंडून ऐकून पाठ केली होती. शाळेच्या डायरीत मात्र महिन्यातून चार वेळा 'निष्काळजी', 'काम अपुरे', 'लक्ष नाही' असे शेरे येत होते.

त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण सगळेच होतो. इतके चांगले पाठांतर करणारे मूल वाचताना का अडते, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तो पडायला हवा होता, म्हणून हा लेख.

घरोघरची तीन उत्तरे

मूल तिसरी-चौथीत गेले तरी सलग वाचत नाही, फळ्यावरचे उतरवून घेताना शब्द गाळते, 'ब' आणि 'व' किंवा इंग्रजीतला 'बी' आणि 'डी' यांची अदलाबदल करते, पाढे पुन्हा पुन्हा विसरते, तेव्हा आपल्या घरांत साधारण तीन उत्तरे मिळतात.

पहिले उत्तर आळसाचे. 'डोके आहे, पण बसत नाही.' यावर उपाय म्हणून शिकवणी लावली जाते, खेळ बंद होतो, मोबाईल काढून घेतला जातो.

दुसरे उत्तर वयाचे. 'मुलगे जरा उशिराच लागीला लागतात. त्याचे बाबाही असेच होते, आता बघा, इंजिनिअर झाले.' हे उत्तर देणारी बहुधा आजी असते आणि तिच्या बोलण्यात माया असते. पण त्यात एक खूणही असते. वाचनाची ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. बाबांनाही हाच त्रास झाला असेल आणि तो त्यांनी कुणाला न सांगता सोसला असेल.

तिसरे उत्तर खास आपले, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे. 'घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. गोंधळणारच ना!' हे उत्तर इतके पटण्यासारखे आहे की त्यावर दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. काही शाळांत शिक्षकही हेच सांगतात आणि वर सल्ला देतात, 'घरात मराठी बोलणे बंद करा.' या सल्ल्याकडे आपण पुढे वळू.

ही अडचण नेमकी कोणती

अध्ययन अक्षमता म्हणजे मंदबुद्धी नव्हे. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, नजर आणि कान ठीक असतात, शिकण्याची संधीही मिळालेली असते, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट वयाच्या मानाने फार मागे राहते. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि आकड्यांच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे यातला पहिला शब्द घरोघर पोचला. त्या चित्रपटाची कथा-पटकथा अमोल गुप्ते यांची. चित्रपट पाहताना आपण सगळे रडलो, पण घरातल्या मुलाची वही उघडली की पुन्हा 'आळशी' हाच शब्द तोंडात येतो.

आता तीन भाषांच्या गोंधळाविषयी. भाषा नवी असल्यामुळे अडणारे मूल सरावाने सुधारते, आणि त्याची अडचण त्या एका भाषेपुरती असते. डिस्लेक्सिया असलेले मूल ज्या ज्या लिपीत वाचायला शिकते, त्या त्या लिपीत कमी-अधिक अडते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्यामुळे ते लवकर दिसते. देवनागरीत ते जोडाक्षरांत, ऱ्हस्व-दीर्घात, मात्रांच्या गोंधळात आणि मुख्य म्हणजे वाचनाच्या संथपणात दिसते. म्हणून तपासणारी व्यक्ती मुलाला इंग्रजीबरोबर हिंदीतही वाचायला लावते का, हे आवर्जून पाहावे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला. तो इंग्रजी आणि कन्नडबरोबर हिंदी आणि मराठीतही आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यायची. इथे वाढणारी बहुतेक मुले मराठी बोलतात, पण मराठी वाचायला त्यांना कुणी शिकवलेले नसते. अशा मुलाची मराठी वाचनाची चाचणी घेऊन निष्कर्ष काढणे चूक. ज्या भाषांत त्याला वाचायला शिकवले गेले, त्यांतच पाहिले पाहिजे.

कायद्याने काय दिले आहे

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात प्रकारांची संख्या २१ झाली. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक. या कायद्याचे कलम १६ म्हणते की सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या संस्थांनी मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि शिकवण्याच्या पद्धतीत योग्य ते बदल करावेत. यात 'मान्यता असलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. आपल्या भागातल्या खासगी शाळाही त्यात येतात. कलम १७ परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा थेट उल्लेख करते.

जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पुढचा रस्ता आखला. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेने प्राथमिक चाळणी करायची, आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी. प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे असते. चाळणीसाठी साधनेही आहेत. एनसीईआरटीची 'प्रशस्त' ही तपासयादी २०२२ पासून मोबाईल ॲपवर आहे आणि तिचा पहिला भाग वर्गशिक्षकानेच भरायचा असतो.

म्हणजे कागदावर सुरुवात शाळेने करायची आहे. प्रत्यक्षात आमच्या माहितीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात सुरुवात आईने केली. शाळेने बोलावले ते तक्रार सांगायला, तपासणी सुचवायला नाही. यात शिक्षकांचा सगळा दोष आहे असेही नाही. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाचे वाचन निवांत ऐकायला वेळ कुठला? विशेष शिक्षक हा त्यावरचा उपाय. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिले : प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की ही पदे मंजूर करून जाहीर करा. साडेतीन वर्षांनी तोच आदेश द्यावा लागतो, यावरून काम किती झाले ते समजावे.

हा प्रश्न आत्ताच का

पूर्वी अडणारे मूल निदान आठवीपर्यंत वर ढकलले जाई. आता तसे नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. मध्य प्रदेशात २०२२-२३ पासून राज्याच्या अभ्यासक्रमाच्या शाळांत, खासगी शाळांतही, पाचवी आणि आठवीच्या परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर सुरू झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या शाळांसाठी, म्हणजे केंद्रीय विद्यालये वगैरेंसाठी, नियम बदलले. नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात. नियमात असेही आहे की वर्गशिक्षकाने मुलाच्या शिकण्यातल्या उणिवा शोधून त्याला विशेष मार्गदर्शन करावे.

ज्याची अडचण ओळखली गेली आहे त्या मुलाला या व्यवस्थेत जादा वेळ मिळू शकतो. ज्याची ओळखली गेली नाही ते मूल नुसते नापास होते आणि पुन्हा त्याच वर्गात, त्याच पद्धतीने, तेच शिकते. तपासणी लांबवण्याची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे, ती अशी.

इथे भोपाळमध्ये एक शब्द रोज डोळ्यांसमोर असतो. सरकारी पाटीवर 'शिक्षा विभाग' लिहिलेले असते आणि इथली मुले तो बरोबर वाचतात, शिक्षा म्हणजे शिक्षण. घरी आल्यावर मराठीत शिक्षा म्हणजे दंड. अडणाऱ्या मुलाला हे दोन्ही अर्थ एकच वाटू लागतात.

भोपाळमध्ये काय करावे

सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. चष्म्याच्या नंबरामुळे फळा न दिसणारे मूलही 'लक्ष नाही' याच शेऱ्याखाली येते. मग बालरोगतज्ज्ञांना भेटावे.

दुसरी पायरी मानसशास्त्रीय तपासणीची. यात आधी बुद्ध्यंक पाहतात आणि नंतर वाचन, लेखन, आकलन, गणित यांच्या चाचण्या घेतात. २०१८ च्या सूचनांमध्ये यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्सचा चाचणीसंच सांगितला आहे. हे काम एका बैठकीत उरकत नाही. मूल थकते, म्हणून दोन-तीन वेळा बोलावतात. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. दहा मिनिटांत 'डिस्लेक्सिया आहे' किंवा 'काही नाही' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

आपल्या शहरात सरकारी सोयी आहेत. पिपलानीकडे खजुरी कलां रोडवर केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. साकेत नगरला एम्स आहे. जेपी रुग्णालय, ज्याला जुने लोक आजही '१२५०' म्हणतात, ते जिल्हा रुग्णालय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. थोडे पुढे गेल्यास सीहोरला राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वास संस्था आहे. रांग सगळीकडे असते. पण खासगी तपासणीचा खर्च झेपत नाही म्हणून घरी बसण्याचे कारण उरत नाही.

तिसरी पायरी प्रमाणपत्राची, आणि इथे बरेच पालक चुकतात. खासगी मानसशास्त्रज्ञांचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तो उपयोगी आहे, शाळेला दाखवता येतो, पण बोर्डाच्या सवलतींसाठी शासनमान्य वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी यूडीआयडीच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करायचा. सुट्टीत पुण्या-मुंबईला मावशीकडे जाऊन तपासणी करून घेण्याची कल्पना आपल्याकडे अनेकांना सुचते. महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळत आल्या आहेत, मुंबईच्या सायन रुग्णालयासारख्या ठिकाणी या कामाचा मोठा अनुभव आहे, त्यामुळे ती कल्पना वाईट नाही. मात्र प्रमाणपत्राचा अर्ज सहसा आपण राहतो त्या जिल्ह्यात करावा लागतो. एकदा मिळाले की ते देशभर चालते.

शाळेशी बोलताना

तोंडी बोलणे विरून जाते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दीड वर्ष दर पालकसभेत विषय काढला आणि दर वेळी 'बघू' ऐकले. मग त्यांनी एक पानी अर्ज दिला, पोच घेतली, आणि पंधरा दिवसांत बैठक झाली. अर्जात चार गोष्टी पुरतात : मुलाच्या अडचणीची दोन-तीन उदाहरणे वहीच्या प्रतींसह, कलम १६ चा उल्लेख, शाळेने चाळणी करावी ही विनंती, आणि विशेष शिक्षकांशी भेटीची तारीख. भाषा नम्र असावी. आपल्याला त्याच शाळेत मुलाला रोज पाठवायचे आहे.

प्रमाणपत्र येईपर्यंतही वर्गात बरेच काही करता येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला न लावणे. फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील टिपण देणे. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण विज्ञान-समाजशास्त्रात न कापणे. काही उत्तरे तोंडी घेणे.

सीबीएसईच्या दहावी-बारावीत प्रमाणपत्रधारक मुलांना तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, लेखनिक, दहावीला दोनऐवजी एकच भाषा, आणि गणितात साधा कॅल्क्युलेटर अशा सवलती आहेत. त्या आपोआप मिळत नाहीत, शाळेमार्फत मागाव्या लागतात. बोर्डाची नोंदणी नववीत होते, म्हणून कागद आठवीच्या अखेरीस तयार असावेत. लेखनिक घेणार असाल तर त्याला सांगून लिहून घेण्याचा सराव घरी वर्षभर आधी सुरू करा. ते वाटते तितके सोपे नसते.

प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांहून कमी आकडा आला की काही जण 'आता काही उपयोग नाही' असे सांगतात. नोकरी-प्रवेशातल्या आरक्षणाला ४० टक्क्यांची अट आहे, हे खरे. परीक्षेतल्या सोयींबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांवरच्यांपुरती अडवता येत नाही. त्याच वर्षी डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट'मध्ये जादा वेळ न देता उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. ती न्यायालयात गेली, आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची चूक न्यायालयाने मान्य केली. शाळेने दाद दिलीच नाही, तर राज्यात दिव्यांगजन आयुक्त आहेत. तिथे तक्रार करता येते.

'शिक्का बसेल' ही भीती

आमच्याशी बोललेल्या पालकांची सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती, रांगेचीही नव्हती. 'दिव्यांग' हा शब्द असलेला कागद घरात आणायचा कसा, ही होती. पुढे लग्नाच्या वेळी कुणी विचारले तर? नातेवाइकांना काय सांगायचे? ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्यातले बरेच जण १९५६ नंतर नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून नोकरीनिमित्त या राजधानीत आले. शिक्षण हीच त्यांची जहागीर. अशा घरात मूल अभ्यासात मागे पडणे ही गोष्ट बोलायची सोय नसते.

पण शिक्का आधीच बसलेला असतो. 'आळशी', 'ढ', 'निष्काळजी' हे शब्द मूल रोज ऐकते, आणि ते कुठल्याही कागदाशिवाय आयुष्यभर चिकटतात. प्रमाणपत्र दाखवायचे की नाही, कुठे दाखवायचे, हे तरी आपल्या हातात असते. निदान ऐकल्यावर मुलांना दुःखाइतकाच सुटकेचा अनुभव येतो. त्या पाठांतरवाल्या मुलाने घरी विचारलेला पहिला प्रश्न होता, 'म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो, हे आता सगळ्यांना कळेल ना?'

आणि मराठी?

'घरात मराठी बंद करा' या सल्ल्याकडे आता येऊ. दोन-तीन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही, आणि एक भाषा सोडल्याने तो जातही नाही. जे वाचून मिळवता येत नाही ते असे मूल ऐकून मिळवते. आजीच्या गोष्टी, आरत्या, जेवतानाच्या गप्पा हा त्याचा शब्दसंग्रह आणि आत्मविश्वास. तोच बंद केला तर ज्या एका भाषेत ते अडखळत नाही ती जाईल, आणि आजीशी बोलणेही जाईल. शाळेत लेखी भाषा कमी करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तो जरूर वापरावा. घरातली बोली भाषा कमी करायचे कारण नाही.

समाज म्हणून आपण

तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. आठवड्यातून दोनदा अर्धा तास एखाद्या मुलाला वाचून दाखवणे, त्याचे ऐकणे, परीक्षेच्या काळात लेखनिकाचा सराव देणे, एवढे झाले तरी त्या घराला हातभार लागेल. दुसरे, जे पालक या प्रक्रियेतून गेले आहेत त्यांनी नव्या पालकांना, हवे तर नाव न सांगता, कुठे काय विचारायचे ते सांगावे. यातले अर्धे कष्ट माहिती नसल्यामुळे होतात. तिसरे, आपल्या स्पर्धा. निबंध आणि शुद्धलेखन राहू द्या, पण कथाकथन, पाठांतर, चित्र, प्रश्नमंजूषा यांनाही तेवढेच वजन द्या. वाचून उत्तरे देण्याची सक्ती असेल तिथे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय ठेवा.

तो मुलगा आता पाचवीत आहे. तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळाले, शाळा जादा वेळ देते. वाचन अजून संथ आहे आणि काही दिवस वही पाहून आईचा धीर सुटतोही. गोष्टींचे ते पुस्तक मात्र आता रोज रात्री उघडते. आजी वाचते, आणि मधली एखादी ओळ तो वाचतो.

आपल्या घरात, शेजारात, किंवा कामाला येणाऱ्या ताईंच्या घरात असे मूल दिसले, तर रागावण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून त्याचे वाचन ऐका. ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल, किंवा मुलांना वाचून दाखवण्यासाठी वेळ देता येईल, त्यांनी कार्यकारिणीतल्या कुणालाही सांगावे.